साक्षीदारांनी सांगितलेले चरित्र : ‘मार्ली’ हा अनुबोधपट

कवीचे चरित्र लिहिताना त्याच्या ओळी कागदावर उतरवून दाखविता येतात, चित्रकाराची चित्रे छापता येतात. गायकाचा आवाज मात्र ग्रंथात येत नाही. त्याविषयी कितीही लिहिले तरी ते वर्णनच राहते. या दृष्टीने गायकाच्या चरित्राला ग्रंथापेक्षा चित्रपट हे माध्यम अधिक सोयीचे, असे कोणालाही वाटेल. परंतु ही सोयच पुष्कळदा घातक ठरते. गाणे कानी पडू लागले की प्रेक्षक माणसाला विसरतो, आणि त्याच्या पाठोपाठ चरित्रकारही विसरतो. मग दोन गाण्यांमधील जागा भरून काढण्यापुरतेच आयुष्य उरते. गायकांवरील बहुसंख्य अनुबोधपटांची गत ही अशी झालेली आहे.

केव्हिन मॅक्डोनल्ड यांनी दिग्दर्शित केलेला ‘मार्ली’ हा अनुबोधपट २०१२ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविण्यात आला. सुमारे दोन तास चोवीस मिनिटांच्या या पटाचा विषय आहे जमैकाचा रेगे-गायक बॉब मार्ली (१९४५–१९८१). त्यात गाणी पुष्कळ आहेत. पण ती माणसावर कुरघोडी करीत नाहीत. हे कशामुळे साधले आणि कोठे साधले नाही, हे पाहणे चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करणाऱ्यांनाही उपयोगी पडावे.

मॅक्डोनल्ड हे या विषयाकडे वळलेले पहिले दिग्दर्शक नव्हते. हे काम आधी मार्टिन स्कॉर्सेसी यांच्याकडे, नंतर जोनथन डेमी यांच्याकडे होते. दोघेही निरनिराळ्या कारणांनी दूर झाले. मॅक्डोनल्ड हे मूळचे चरित्रकार. चित्रपटलेखक एमेरिक प्रेसबर्गर हे त्यांचे आजोबा. त्यांचे चरित्र मॅक्डोनल्ड यांनी १९९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. आप्ताचे चरित्र लिहिताना प्रेम आणि तपास यांची जी ओढाताण होते, ती त्यांनी स्वतः अनुभवलेली असणार. ‘मार्ली’मध्ये ही ओढाताण त्यांची स्वतःची नसून साक्षीदारांची आहे, एवढाच फरक.

रेगे या संगीताशी परिचय नसलेल्या वाचकासाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. जमैका हे कॅरिबियन समुद्रातील बेट. १६५५ साली ते स्पेनकडून इंग्रजांकडे आले आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाले. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज ही तेथील बहुसंख्य प्रजा. स्वातंत्र्याच्या आसपास किंग्स्टनच्या दरिद्री वस्त्यांतून ‘स्का’ नावाचे जलद लयीचे संगीत निघाले. त्याची लय मंदावून ‘रॉकस्टेडी’ झाले आणि १९६८ च्या सुमारास रेगे. आपल्याकडील श्रोत्याला या संगीतातील सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटेल ती त्याच्या तालाची. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर, म्हणजे जेथे समेची अपेक्षा असते तेथे, बहुधा आघातच नसतो. ढोलाचा भरीव आघात पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. गिटारची तुटक टोचणी दुसऱ्या-चौथ्यावर. आणि सुरावट जणू मंद्रातील बास गिटारच्या स्वाधीन केलेली. समेची जागा मोकळी सोडणाऱ्या या ठेक्याला तेथे ‘वन ड्रॉप’ म्हणतात. मार्लीच्या वाद्यवृंदात तो ठेका कार्लटन बॅरेट आणि त्याचा भाऊ अ‍ॅस्टन यांनी सिद्ध केला.

चित्रपटाचा आरंभ जमैकात होत नाही. तो होतो घानाच्या किनाऱ्यावरील किल्ल्यात, जेथून गुलामांना जहाजावर चढविले जाई त्या दरवाज्यापाशी. तेथून कॅमेरा सेंट अ‍ॅन परगण्यातील ‘नाइन माइल’ या डोंगराळ खेड्यात येतो. ६ फेब्रुवारी १९४५ रोजी मार्लीचा जन्म तेथे झाला. आई सेडेला माल्कम ही त्या वेळी अठरा वर्षांची खेड्यातील मुलगी. पिता नॉर्व्हल मार्ली हा तिच्याहून वयाने कितीतरी मोठा गोरा माणूस. तो क्वचितच तिकडे फिरके आणि १९५५ साली मरण पावला. घोड्यावर बसलेल्या या पित्याचे एक छायाचित्र चित्रपटात दिसते. त्याच्याविषयी दाखविण्यासारखे फारसे काही नाही, आणि दिग्दर्शक ते आहे असा आवही आणीत नाही. काळ्यांत गोरा आणि गोऱ्यांत काळा ठरलेला हा मुलगा दोन्हीकडून हिणविला गेला, हे त्याच्या बालपणीच्या सोबत्यांच्या तोंडून कळते.

येथे मॅक्डोनल्ड यांच्या पद्धतीचे मर्म लक्षात येते. या चित्रपटाला निवेदक नाही. पडद्याआडून बोलणारा, सर्वज्ञ, आश्वासक असा जो आवाज अनुबोधपटांना चिकटलेला असतो, तो येथे गाळलेला आहे. पत्नी रीटा, मुले झिगी व सेडेला, बालमित्र बनी वेलर, ध्वनिमुद्रक ली पेरी, प्रकाशक ख्रिस ब्लॅकवेल, १९७६ ची विश्वसुंदरी आणि मार्लीच्या एका मुलाची आई सिंडी ब्रेकस्पिअर, जर्मनीतील परिचारिका, अशी माणसे एकामागून एक बोलतात. त्यांची विधाने एकमेकांशी जुळतातच असे नाही, आणि ती जुळवून देण्याचा खटाटोपही कोणी करीत नाही. मार्लीच्या आयुष्याचा पूर्वार्ध चित्रफितीवर जवळजवळ उरलेलाच नाही. १९७३ पूर्वीची चलच्चित्रे फारच तुरळक आहेत. ही उणीव अभिनीत प्रसंगांनी भरून काढण्याचा मोह सहज झाला असता. मॅक्डोनल्ड यांनी आपल्या ‘टचिंग द व्हॉइड’ या २००३ सालच्या चित्रपटात तसे केलेही होते. येथे त्यांनी तो मोह टाळला. जेथे चित्र नाही तेथे माणसाचा चेहरा आणि त्याची आठवण. ज्या समाजाचा इतिहास मुख्यतः तोंडोतोंडीच टिकला, त्याच्या गायकाला हीच रीत शोभते.

या रीतीचे सामर्थ्य एका प्रसंगात पूर्णत्वाने प्रकट होते. तरुणपणी मार्लीने पित्याच्या गोऱ्या घराण्याकडे मदतीची याचना केली आणि ती नाकारली गेली, असे सांगितले जाते. १९७० च्या ‘सोल रेबल्स’ या संग्रहातील ‘कॉर्नर स्टोन’ हे गीत त्या नकाराशी जोडले जाते. बायबलमधील स्तोत्रात गवंड्यांनी टाकून दिलेल्या दगडाचा जो दृष्टांत आहे, त्यावर ते आधारलेले आहे. मॅक्डोनल्ड हे गीत त्याच गोऱ्या घराण्यातील माणसांना, त्यांत मार्लीच्या सावत्र बहिणीला, कॅमेऱ्यासमोर ऐकवतात. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही निवेदकाला सांगता आले नसते. आज त्या घराण्याचे नाव जगात कोणामुळे माहीत आहे, हे त्यांना कळते. आणि आपल्याला ते कळत आहे हे लपविण्याचा प्रयत्न त्या करीत नाहीत. गीताचा अर्थ त्या गीताने ज्यांना उद्देशिले त्यांच्यासमोरच उलगडावा, असा योग टीकाकाराला क्वचितच लाभतो.

किंग्स्टनमधील ट्रेंच टाउन या वस्तीत मार्ली १९५७ च्या सुमारास आला. तेथे जो हिग्ज या गायकाने त्याला, बनीला व पीटर टॉशला एकत्र गाण्याचे धडे दिले आणि ‘वेलर्स’ हे त्रिकूट उभे राहिले. हा सर्व भाग चित्रपटात वेगाने पण चांगला आलेला आहे. खरा रस उत्पन्न होतो तो हे त्रिकूट जमैकाबाहेर पडते तेव्हा.

१९७२ साली लंडनमधील ‘आयलंड’ या ध्वनिमुद्रिका-संस्थेचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी वेलर्सना चार हजार पौंड देऊन एक संपूर्ण संग्रह तयार करावयास सांगितले. जमैकात ध्वनिमुद्रित झालेली गाणी लंडनला आली. तेथे ब्लॅकवेल यांच्या सूचनेवरून वेन पर्किन्स या अमेरिकन वादकाची गिटार व जॉन बंड्रिक याची कळवाद्ये त्यांवर चढविण्यात आली. ‘कॅच अ फायर’ (१९७३) हा संग्रह अशा रीतीने सिद्ध झाला. जमैकाचा ठेका रॉक संगीताला सरावलेल्या गोऱ्या श्रोत्याच्या कानाला रुचावा, हा त्यामागील उघड हेतू होता. ज्याने कधी अनुवाद केला आहे त्याला हा व्यवहार परका वाटणार नाही. परभाषेतील वाचकासाठी मूळ कृतीत किती भर घालावी, कोणते कंगोरे घासावेत, हा प्रश्न येथे कागदाऐवजी ध्वनिफितीवर सोडविला गेला. मौजेची गोष्ट अशी की २००१ साली या संग्रहाची मूळ जमैकन ध्वनिमुद्रणेही प्रसिद्ध झाली. तेव्हा मूळ आणि भाषांतर शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहता येते. मूळ अधिक रुक्ष आहे, अधिक मोकळे आहे, आणि बासचा दाब त्यात अधिक जाणवतो. भाषांतर वाईट आहे असे मात्र म्हणवत नाही. त्याच्यावाचून मार्ली जमैकाबाहेर ऐकला गेला असता की नाही, याची शंकाच आहे.

किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. परदेशच्या दौऱ्यात कसल्या क्लबांतून गावे लागणार यावरून बनीने दौरा सोडला, पाठोपाठ टॉशही बाहेर पडला, आणि ‘वेलर्स’चे ‘बॉब मार्ली आणि वेलर्स’ झाले. बनी वेलर यांची साक्ष हा या चित्रपटाचा सर्वोत्तम भाग होय. बनीचे वडील आणि मार्लीची आई यांना एक मुलगी झालेली. म्हणजे हे दोघे मित्र एका सामाईक बहिणीचे भाऊ. त्या नात्यातील माया आणि त्या फुटीतील कडवटपणा ही दोन्ही बनीच्या बोलण्यात एकाच वेळी वावरतात. ब्लॅकवेल यांची बाजू व्यवहारी माणसाची आहे व ती त्यांनी संयमाने मांडली आहे. दिग्दर्शक निवाडा देत नाही. येथे मात्र ही तटस्थता थोडी खटकते. कोणता करार कोणी कसा केला, पैशाचा ओघ कोणीकडे गेला, या गोष्टी आठवणींवर सोडून भागत नाही. त्यांना कागद असतो, आणि तो कागद चरित्रकाराने पाहावयाचा असतो.

बनीच्या बोलण्यातून भाषेचाही एक प्रश्न उपस्थित होतो. जमैकाची लोकभाषा इंग्रजी शब्दांची असली तरी तिची घडण इंग्रजी नव्हे. ‘नो वूमन, नो क्राय’ या सुप्रसिद्ध गीताचे शीर्षक परदेशी श्रोत्यांनी ‘बाई नाही तर रडणे नाही’ अशा अर्थी घेतले. वस्तुतः ते एका स्त्रीची समजूत घालणारे वाक्य आहे, ‘नको गं, रडू नकोस’ या वळणाचे. एका स्वल्पविरामाने सांत्वनाचा उपहास झाला. रास्ताफारी पंथीयांचे सर्वनाम याहूनही अवघड. ते ‘मी’ऐवजी आणि ‘आम्ही’ऐवजीही ‘आय अँड आय’ म्हणतात. बोलणारा, ऐकणारा आणि दोघांच्या ठायी असणारा ईश्वर, एवढे सर्व त्यात सामावलेले असते. इंग्रजीत याला जवळचा शब्द नाही. मराठीत व गुजरातीत ऐकणाऱ्यालाही कवेत घेणारे ‘आपण’ हे वेगळे सर्वनाम आहे, आणि मराठी ‘आपण’ला ‘स्वतः’ हाही अर्थ आहे. मार्लीची गाणी कोणी मराठीत आणू पाहील तर हे एक सर्वनाम त्याच्या हाती इंग्रजी टीकाकाराहून अधिक काही देईल.

रास्ताफारी पंथाचा पाया असा : १९३० साली इथिओपियात रास तफारी हे हैले सेलासी या नावाने सम्राट झाले, जमैकातील काही उपदेशकांनी त्यांना देवाचा अवतार मानले. मार्कस गार्वी यांची आफ्रिकेकडे परतण्याची शिकवण त्यामागे होती. गार्वीही सेंट अ‍ॅन परगण्यातलेच. २१ एप्रिल १९६६ रोजी सम्राट जमैकात आले तेव्हा मार्ली अमेरिकेत मजुरी करीत होता. रीटाने त्यांना पाहिले, त्यांच्या तळहातावर खुणा पाहिल्या अशी तिची श्रद्धा, आणि तिच्या सांगण्यावरून पुढे मार्ली त्या पंथाकडे वळला. चित्रपट ही हकीकत रीटाच्याच शब्दांत ठेवतो. तिला दुजोरा देत नाही, तिची थट्टाही करीत नाही. भारतीय वाचकाला या पंथात एक अनपेक्षित ओळख भेटते. १८४५ पासून जमैकाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. रास्ताफारींच्या उपासनेतील ‘गांजा’ हा पदार्थ व त्याचे नाव ही त्यांच्याबरोबर गेली. पंथाचे एक आद्य प्रवर्तक लेनर्ड हॉवेल यांनी आपली पुस्तिका ‘गंगुनगुरू माराघ’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली, आणि ‘माराघ’ हे तिकडच्या बोलीत झालेले ‘महाराज’चेच रूप आहे. जटांचा उगमही आपल्याकडील साधूंत शोधणारे आहेत. त्याविषयी मतभेद आहेत. चित्रपटाचा रोख आफ्रिकेकडे असल्याने या धाग्याला त्यात स्थान नसावे, हे समजण्यासारखे आहे.

या श्रद्धेतून मार्लीने काव्य कसे घडविले हा वाङ्मयाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटेल असा विषय. १९७६ च्या ‘रास्तामॅन व्हायब्रेशन’ या संग्रहातील ‘वॉर’ हे गीत म्हणजे हैले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या भाषणातील गद्य, जवळजवळ जसेच्या तसे, तालावर बसविलेले. १९८० च्या ‘रिडेम्प्शन साँग’मध्ये गार्वींच्या १९३७ च्या भाषणातील एक विचार त्यांच्याच शब्दांत आला आहे. राजनीतीचे गद्य गाण्यात आणावयाचे आणि तरीही गाणे कोसळू द्यावयाचे नाही, ही गोष्ट सामान्य नव्हे. खेद इतकाच की गीते कशी रचली गेली याविषयी चित्रपट फारसे विचारीत नाही. साक्षीदार मार्लीच्या शिस्तीविषयी बोलतात, तासन्‌तास चालणाऱ्या सरावाविषयी बोलतात. शब्दांविषयी कोणी बोलत नाही.

राजकारणाचा भाग चित्रपटात सविस्तर आहे व तो तसा असणे योग्यच. ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री किंग्स्टनमधील होप रोडवरील घरात शिरून बंदूकधाऱ्यांनी मार्ली, रीटा व व्यवस्थापक डॉन टेलर यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोनच दिवसांनी मार्ली ‘स्माइल जमैका’च्या जाहीर मैफलीत गायला. ही मैफल पक्षातीत म्हणून ठरली होती. पण सरकारने त्याच महिन्यात निवडणुका जाहीर केल्याने तिला आपोआप पक्षाचा रंग चढला. नंतर तो लंडनला निघून गेला. २२ एप्रिल १९७८ रोजी परत येऊन त्याने ‘वन लव्ह’ मैफलीच्या व्यासपीठावर पंतप्रधान मायकेल मॅन्ली व विरोधी नेते एडवर्ड सियागा यांचे हात आपल्या हाताने उंच धरले. हे दृश्य फार प्रसिद्ध आहे. तथापि ज्या दोन प्रतिस्पर्धी टोळीनायकांनी त्या मैफलीचा घाट घातला ते दोघेही अल्पावधीतच मारले गेले आणि हिंसा थांबली नाही, हेही त्या दृश्याच्या शेजारी ठेवले पाहिजे. १९८० च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो गात असता बाहेरची गर्दी आत घुसू लागली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मुक्तीच्या गायकाला मुक्तीच्या रात्री अश्रुधुराने गाठावे, यावर भाष्याची गरज नाही. त्याच वर्षी त्याआधी गॅबनच्या हुकूमशहाच्या घराण्याच्या निमंत्रणावरून तो तेथे गायला होता. चित्रपट तीही गोष्ट गाळीत नाही.

आता मुख्य आक्षेपाचा विचार. हा चित्रपट कुटुंबाच्या संमतीने झालेला आहे. झिगी मार्ली आणि ख्रिस ब्लॅकवेल हे दोघेही त्याच्या निर्मितीशी संबद्ध आहेत. जे साक्षीदार तेच यजमान. संमतीने लिहिलेल्या चरित्राची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे : कागदपत्रे आणि गाणी मिळतात, आणि त्यांच्या मोबदल्यात मौन द्यावे लागते. ‘मार्ली’मध्ये हे मौन अपेक्षेहून कमी आहे. सात स्त्रियांपासून झालेली अकरा मुले, रीटाने ज्या रीतीने हे सर्व सोसले व सांभाळले ती रीत, हे सर्व तेथे उघड आहे. रीटा ते धर्मकार्यातील सोबतीण या नात्याने सांगते, आणि तिच्या स्वरातील हा भक्तिभाव खरा आहे की वर्षानुवर्षांच्या सवयीने घट्ट बसलेला मुखवटा, हे प्रेक्षकाला ठरविता येत नाही. मुलगी सेडेला मात्र आईची भाषा बोलत नाही. वडील कधी एकट्याने आपल्या वाट्याला आले नाहीत, शेवटच्या दिवसांतही खोली इतरांनीच भरलेली होती, ही तिची तक्रार निर्वाणीची आहे, आणि ती ज्या कोरडेपणाने बोलते त्यामुळे अधिक लागते. संतचरित्रांत संतांच्या मुलांना बोलावयास सांगण्याची प्रथा नाही. हा चित्रपट ते करतो, आणि संमतीचे ऋण एवढ्याने पुष्कळसे फिटते.

शेवटचा भाग बव्हेरियातील आहे. १९७७ साली पायाच्या अंगठ्यात आढळलेला कर्करोग १९८० च्या सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कमध्ये धावताना तो कोसळला तेव्हा, सर्वांगी पसरल्याचे कळले. २३ सप्टेंबरला पिट्सबर्ग येथे तो अखेरचा गायला. नंतरचे महिने डॉ. योझेफ इसेल्स यांच्या रुग्णालयात, बर्फात, जटा गमावलेल्या अवस्थेत गेले. जमैकाच्या उन्हातील माणसाची ही बर्फातील छायाचित्रे चित्रपटातील इतर कशाहूनही अधिक काळ मनात राहतात. जमैकाला परतताना ११ मे १९८१ रोजी मायामीत त्याचा अंत झाला, वय छत्तीस.

मृत्यूनंतर ‘आयलंड’ने १९८४ साली ‘लेजंड’ हा निवडक गीतांचा संग्रह काढला. आज जगात मार्ली म्हणून जो ओळखला जातो तो बहुतांशी या संग्रहातला. त्याच्या मूळ आवृत्तीत आफ्रिकेच्या मुक्तीविषयीच्या ‘सर्व्हायव्हल’ (१९७९) या संग्रहातील एकही गीत नाही, आणि ‘वॉर’ही नाही. लंडनमध्ये १९७२ साली सुरू झालेले भाषांतर येथे पूर्ण झाले म्हणावयाचे. भित्तिपत्रकांवरचा हसरा मार्ली तो हाच. २०२४ साली आलेल्या ‘बॉब मार्ली : वन लव्ह’ या अभिनीत चित्रपटाने १९७६ ते १९७८ एवढाच काळ घेतला आणि नटाकडून ते हसू पुन्हा वठवून घेतले. त्या चित्रपटानंतर मॅक्डोनल्ड यांचा पट पुन्हा पाहणाऱ्याला अभिनय आणि साक्ष यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अर्थात मॅक्डोनल्ड हेही अखेरीस थोडे घसरतात : श्रेयनामावलीबरोबर देशोदेशीचे लोक मार्लीची गाणी गाताना दाखविले आहेत, आणि आधीच्या दोन तासांनी जे भित्तिपत्रक खाली उतरविले ते तेथे पुन्हा भिंतीवर चढते.

पीटर टॉश यांची साक्ष घेणे शक्यच नव्हते. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी कार्लटन बॅरेटही मारला गेला. बनी वेलर आणि ली पेरी हे दोघे २०२१ मध्ये गेले, अ‍ॅस्टन बॅरेट २०२४ मध्ये. चित्रपटात आले आहे ते त्यांच्या बोलण्याचा काही अंशच असणार. त्या मुलाखती संपूर्ण, जमैकाच्या भाषेतच, काटछाट न करता छापल्या गेल्या तर मार्लीच्या पुढच्या चरित्रकाराला, आणि अनुवादकालाही, या चित्रपटाहून मोठा आधार मिळेल.